कोणी मारलं मुक्ताला?

दामिनीच्या पोटी लेकरू झालं नाही, पण तिची कड कधी रिकामी राहिली नाही. आधी गल्लीतली लेकरं, मग भावकीतली, आणि शेवटी सख्ख्या भावाची मुक्ता. उदगीरकडच्या सासरनं तिला "पुढच्या बेस्तरवारी न्यायला येतो" म्हणून नायगावला आणून सोडलं होतं. बेस्तरवार आले नि गेले, माणूस काही आला नाही. आई-बाप होते तोवर ती त्या घरची लेक होती. ते गेल्यावर भावाच्या घरात आपण नेमकं कोण, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

भाऊ भागवत तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचा. भावजय आरती जवळच्या खेड्यातल्या शाळेवर बाई होती, सकाळी जीपनं जायची, दिवस कलताना यायची. दोघंही भली माणसं, घालूनपाडून कुणी कधी बोललं नाही. पण दामिनी जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची, आणि दुसरी भाकर घ्यायच्या आधी टोपलीत किती उरल्यात ते वाकून बघायची.

मुक्ता झाली आणि हे वाकून बघणं थांबलं. रजा सरली तशी आरतीनं लेकरू उचललं आणि नणंदेच्या मांडीवर ठेवलं. "आक्का, माझ्यापेक्षा तुमच्याजवळच गप राहते ही. तुम्हीच बघा आता." दामिनीनं मनातल्या मनात माहूरच्या दिशेनं हात जोडले. माय रेणुके, उशिरा दिलंस, दुसरीच्या कुशीतून दिलंस, पण दिलंस.

लेकरू रांगायला लागलं की आपटायलाही लागतं. आणि लेकरू आपटल्यावर आपल्याकडं काय करतात ते काय सांगायचं! मुक्ता उंबऱ्याला अडखळून पडली की दामिनी हातातलं काम टाकून धावायची, तिला उचलायची आणि उंबऱ्यावर फाडकन हात मारायची. "कोणी मारलं माझ्या मुक्ताला? ह्या उंबऱ्यानं? हात् रे उंबऱ्या! पुन्हा मारशील माझ्या बाईला?" उंबरा मुकाट मार खायचा. मुक्ता हुंदका अर्ध्यात थांबवून बघत राहायची आणि मग डोळ्यांत पाणी तसंच ठेवून खुदकन हसायची. रडं थांबवायला याच्यासारखं औषध नाही. दामिनीच्या आईनं तिला असंच वाढवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं.

पुढं पुढं मुक्ता स्वतःच मारायला लागली. बाज लागली, बाजेला फटका. दार लागलं, दाराला फटका. एकदा खुर्चीनं गुडघ्याला लागलं तर हिनं खुर्चीला असं बदडलं की खुर्चीच उलथी पडली. भागवतनं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि दुकानात येईल त्याला दाखवला. शेजारच्या पार्वतीबाई तर रोज विचारायच्या, "दामिने, आज कोण कोण मार खाल्लं गं? ठाणेदारीण निघाली की तुझी भाची! घरातलं एक भांडं बिनमाराचं राहू दिलं न्हाई."

"राहू द्या काकू," दामिनी म्हणायची, "आत्यासारखी गप मार खाणारी व्हायला नको."

मग पार्वतीबाई भाजीचा भाव काढायच्या.

आता कुणी म्हणेल, घरात धारेच्या वस्तू असतील, त्यांचं काय? तर दामिनी त्या बाबतीत फार जपणारी. विळी वापरून झाली की पातं आडवं पाडायचं, मगच उठायचं. ब्लेड कपाटाच्या डोक्यावर, सुया डबीत. आणि मुक्ताला सांगून ठेवलेलं, "तिकडं जायचं न्हाई, बाऊ हाय." पण बाऊ तरी किती! गॅसजवळ बाऊ, गल्लीतलं कुत्रं बाऊ, अंधार बाऊ, मोटारसायकलचा सायलेन्सर बाऊ. सगळ्यांना एकच नाव. कुत्र्याहून विळी वेगळी कशी, ती काय करते, कुठून करते, हे त्या लेकराला कुणी कधी सांगितलंच नाही. मोठ्या माणसाला ते सांगावं लागत नाही, म्हणून आपण धरून चालतो की लहानालाही ठाऊक असेल.

तो दिवस शाळेचा होता. दामिनी स्वयंपाकघरात विळीच्या पाटावर पाय रोवून दुधी चिरत होती. मुक्ता समोर बसून फोडींमधल्या बिया वेचत होती. बी घरंगळलं, मुक्तानं हात लांबवला, आणि विळीचं टोक तिच्या बोटाला जरासं टोचलं. कुंकवाच्या टिकलीएवढं रक्त आलं. मुक्तानं टाहो फोडला.

दामिनीनं बसल्या जागेवरून तिला एका हातानं मांडीवर ओढलं. बोट बघितलं, फुंकर घातली. काही नव्हतं, खरंच काही नव्हतं. आणि तिच्या तोंडातून, उंबऱ्याला निघायचे तेच शब्द निघाले. "कोणी मारलं माझ्या मुक्ताला?"

पुढचं "हात् रे" तिला म्हणावंच लागलं नाही. मुक्ता मांडीवरून वळली, पंजा पसरून हात वर नेला, आणि आत्यानं शिकवलं होतं तस्सा, सगळा जीव एकवटून, उभ्या पात्यावर आपटला.

दामिनीनं त्या तळहाताला पदर गुंडाळला तो बघता बघता भिजला. लेकराला उचलून ती अनवाणी दवाखान्याकडं पळाली. मागून पार्वतीबाई, त्यांच्या हातात टॉवेल. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, जखम धुतली आणि मुक्ताला म्हणाले, "बेटा, मूठ कर बरं." तीन बोटं वाकली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तशीच ताठ राहिली, जणू ती त्या हाताची नव्हतीच.

"आतल्या दोऱ्या कापल्यात," डॉक्टर दुकानातून धावत आलेल्या भागवतला म्हणाले. "बोटं ओढणाऱ्या. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या. वेळ घालवू नका."

नांदेडपर्यंत गाडीत दामिनी बोलत होती. देवाशी, भागवतशी, स्वतःशी. "माय रेणुके, हात दे. माझे घे दोन्ही, हिचा दे. अनवाणी डोंगर चढून येते, ओटी भरते, माय, हात तेवढा दे." भागवत पुढं बसला होता. त्यानं एकदाच मागं वळून विचारलं, "विळी उभी कामून ठेवलीस, आक्का?"

"उभी ठेवली न्हवती रे. मी चिरायलेच होते. मी म्हणलं तिला. माझ्याच तोंडानं म्हणलं."

"काय म्हणलीस?"

"कोणी मारलं म्हणून म्हणलं."

भागवत पुन्हा पुढं बघायला लागला. त्याला वाटलं, बहीण भेदरलीय, काहीतरी बरळतेय.

दवाखान्यात आरती शाळेतून तशीच आली. बोटांना खडूची पूड होती. ऑपरेशन चालू होतं. तिनंही तेच विचारलं, "विळी उभी होती का?" नांदेडचे पाहुणे भेटायला आले, त्यांनीही तेच. आरतीची एक चुलत सासू तर म्हणाली, "उभी विळी घरात कलह लावती, मी कवाची सांगते." दामिनी प्रत्येकाला सांगत राहिली की विळीचं नाही, माझ्या बोलण्याचं आहे, मी तिला मारायला शिकवलं. लोक मान हलवायचे आणि चहा घ्यायचे. कारण तसं तर सगळ्यांनीच आपापल्या लेकरांना शिकवलेलं. त्यात काय वावगं आहे, हे कुणाच्या ध्यानात येणार?

"आक्का, तुम्ही घरी जावा," आरती एवढंच म्हणाली. दामिनी गेली नाही. वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी नर्स इंजेक्शन द्यायला आली. सुई टोचली तशी मुक्ता किंचाळली. बापाचं काळीज ते, भागवत पुढं झाला आणि लाडानं म्हणाला, "कोणी मारलं माझ्या बाईला? ह्या सुईनं? थांब, हात् रे सुई!"

सुई अजून नर्सच्या हातात होती, उघडी. मुक्ताचा चांगला हात, पंजा पसरून, वर गेला.

दामिनी दारातून कशी आली ते कुणाला दिसलं नाही. तिनं ते मनगट हवेतच धरलं आणि भावाच्या अंगावर ओरडली, "मारायला नको शिकवूस! अरे, वस्तूला मारायला नको शिकवूस तिला!" नर्स म्हणाली, "ओ बाई, हळू, पेशंट झोपलेत," आणि सुई घेऊन मागं सरली. पण आरती त्या हवेत धरलेल्या हाताकडं बघत राहिली. पसरलेला पंजा. एका हाताला पट्टी, दुसरा तसाच उगारलेला.

आता तिला कळलं. पण कळून राग गेला असं नाही. उलट, इतका वेळ राग विळीवर होता, आता त्याला माणूस मिळालं.

"प्लास्टर निघालं की मी हिला लातूरला नेते," तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. "माझ्या आईजवळ राहील. तिथं डॉक्टरही हायत व्यायाम करून घ्यायला." मग थोडं थांबून, नजर न उचलता म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं न्हाई, आक्का. मला ठाऊक हाय. पण मी शाळेत फळ्यासमोर उभी राहीन आणि माझं ध्यान घरी असेल. मला न्हाई जमायचं."

भागवतनं बहिणीकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि पाणी आणायला म्हणून निघून गेला.

घरी आल्यावर विळी माळ्यावर गेली. पार्वतीबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाल्या, ती विळी भंगारवाल्याला मोडीत देऊन टाका, खुनशी निघाली. मुक्तानं ते ऐकलं. आणि त्या दिवसापासून तिनं जे धरून ठेवलं ते काही केल्या सुटेना. विळी आपल्यावर रागावली आहे. आपण तिला मारलं, तिनं जास्त मारलं. ती माळ्यावर लपून बसली आहे आणि हात हलला की खाली येणार आहे.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता बोटं रोज हळूहळू वाकवायची, उघडायची. नाही हलवली तर दोऱ्या आत चिकटतील, मग जन्मभर अशीच. लहान लेकरू आहे, खेळत खेळत करून घ्या. खेळत खेळत! मुक्ता तो हात फ्रॉकच्या आत पोटाशी धरून बसायची. आरती जवळ गेली की किंचाळायची, भागवत गेला की बाजेखाली शिरायची. आणि आत्या? आत्याकडं ती नुसती बघायची. दामिनीला किंचाळणं परवडलं असतं.

ताटाच्या काठाला ती घाबरायची. कंगव्याला घाबरायची. दाराच्या कोपऱ्याजवळून जाताना अंग चोरायची. सगळ्या वस्तूंना तिनं कधी ना कधी मारलं होतं ना! आता त्या सगळ्या उट्टं काढणार होत्या.

दामिनीनं नाना तऱ्हा करून बघितल्या. विळी चांगली आहे म्हणाली, तर मुक्ता म्हणाली, "मग मला कामून मारलं?" विळी दुष्ट आहे म्हणाली, तर मुक्ता रात्रभर तिला चिकटून थरथरली. दसऱ्याला आपण विळीला हळदकुंकू लावलं होतं, पाया पडलो होतो, ती देवाची आहे, असं सांगितलं, तर मुक्ता म्हणाली, "देव पण मारते?" ती देवभोळी बाई देवघरापुढं जाऊन बसली. दिवा लावला, काडी हातातच जळत आली तरी टाकायचं भान राहिलं नाही. माय, मला फुलं वाहता येतात, उपास करता येतात. ह्या चिमणीला एक साधी गोष्ट कशी सांगू, ते तेवढं येत नाही.

लातूरला निघायचं उद्यावर आलं. आरतीनं कपडे भरले. मुक्ताची दोन बोटं होती तशीच अर्धवट, आखडलेली. दुपारी आरती अंगणातून आली आणि जागीच थबकली. दामिनी माळ्यावरून विळी काढून खाली बसली होती, पातं आडवं पाडलेलं. कोपऱ्यात मुक्ता भिंतीत घुसायला बघत होती.

"आक्का! पुन्हा ती विळी?"

"आरती, तू इथं बस. हिला मांडीवर घे, दोन्ही हात धरून ठेव. तुझ्या मनाला आलं की मला थांबव." दामिनीनं पाट जमिनीवर नीट बसवला. "उद्या नेणारच हायस. ने. पण लेकरू असं भेदरलेलं नको नेऊस, तिच्या हाताचं वाटोळं होईल गं."

आरती खाली बसली, मुक्ताला ओढून घेतलं, दोन्ही हात आपल्या मुठीत धरले. मुक्ता रडायली होती, पण आईच्या मांडीवर होती.

दामिनीनं पातं उभं केलं नाही. आडव्या विळीच्या सपाट बाजूवरून बोट फिरवलं. "हे बग, इथं काही होत न्हाई. थंड हाय नुसतं." पात्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "इथंबी न्हाई. हे जाड हाय." मग कडेजवळ आली आणि बोट थांबवलं. "ही कड लई बारीक हाय. कागदाहून बारीक. म्हणून ही आत शिरती." तिनं पातं उभं केलं, पाटावर पाय रोवला आणि गवारीची शेंग चिरली. मग दोरा. मग एक वाळकं पान. मग केळीची साल. "बग, शेंग हाय का दोरा हाय, हिला कळत न्हाई. दोऱ्यावर हिचा राग हाय का?"

मुक्ता रडता रडता गप्प झाली होती.

"हिला डोळे न्हाईत, मुक्ता. शोध बरं, कुठं दिसायलेत का?"

मुक्तानं मान वाकडी करून बघितलं. लांबूनच.

"हिला दिसतच न्हाई पुढं कोण आलं ते. भोपळा आला का आमची बाई आली. म्हणून आपण बघायचं. डोळे तुला हायत."

मग मुक्ता म्हणाली, "तिला न्हाई कळलं मी हाय म्हणून?"

"न्हाई कळलं, माय."

"राग न्हवता?"

"न्हवता. उंबऱ्यालाबी न्हवता, बाजेलाबी न्हवता. आत्या खोटं सांगत होती. कुणीच मारलं न्हवतं तुला. तू पडली होतीस, लागलं होतं, एवढंच."

मुक्तानं आत्याकडं बघितलं. लेकरं अशी बघतात तेव्हा त्यांच्या मनात काय चाललंय ते देवालाच ठाऊक. मग तिनं विचारलं, "मग आत्या, तू त्यांना कामून मारायचीस?"

दामिनीनं विळी आडवी पाडली. "तुझं रडं मला सोसायचं न्हाई, म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काही कारण न्हवतं बाई."

आरतीनं मुठी सैल केल्या. मुक्तानं आखडलेला हात फ्रॉकच्या आत नेला नाही. तो तसाच मांडीवर राहिला. दामिनी पुढं सरकली, तिनं जवळ ठेवलेल्या कोमट पाण्यात तो हात बुडवून घेतला आणि करंगळी हळूच दाबली. मुक्ता विव्हळली, पण हात काढला नाही. शेजारचं बोट जरासं आत वळलं. करंगळी वळली नाही. दामिनी दाबत राहिली, आरती धरून राहिली, करंगळी काही वळली नाही.

सकाळी तिघी नायगावच्या स्टँडवर उभ्या होत्या. भागवत पिशव्या घेऊन पुढं. नांदेडपर्यंत ही गाडी, तिथून लातूर. दामिनीला वाटलं होतं, कालच्या दुपारनंतर आरती म्हणेल, राहू द्या आक्का, नाही नेत. आरती म्हणाली नाही. मुक्ताला घेऊन ती खिडकीजवळ बसली. गाडीत चढताना मुक्तानं आत्याच्या पदराचं टोक चांगल्या हातानं धरून ठेवलं होतं, ते आरतीला सोडवावं लागलं होतं.

मग तिनं खिडकीतून वाकून विचारलं, "आक्का, ते डोळ्याचं काय म्हणलात काल? पुन्हा सांगा. आईला सांगावं लागेल. माझी आईबी तेच करती, उंबऱ्याला मारती."

दामिनी खिडकीखाली आली. "म्हणावं, लेकरू पडलं तर आधी लेकराला घ्या. वस्तूकडं बघूच नका. आणि बाऊ म्हणू नका, कड दाखवा. सपाट कुठं, बारीक कुठं, हात धरून दाखवा. तिनं विचारलं तर म्हणावं, त्याला डोळे न्हाईत, तुला हायत…"

कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी हलली. दामिनी सोबत चालायला लागली. "आणि करंगळी रोज, आरती. रडली तरी. कोमट पाण्यात आधी. आणि कुणी हात् रे म्हणायला लागलं की…" इंजिनाच्या आवाजात पुढचं काही ऐकू जाईना. आरतीनं कानाला हात लावून "काय?" असं विचारलं. धूळ आत येते म्हणून मागच्या सीटवरच्या कुणीतरी काच सरकवली. दामिनी रस्त्याच्या वळणापर्यंत गाडीबरोबर चालत गेली, आणि सांगायचं अजून संपलं नव्हतं.